देव बघतोय म्हणून, की पटतंय म्हणून? नीतीचा आधार मुलांना कसा सांगावा



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याच धड्यावर नाही. पण मूल्यशिक्षणाच्या तासाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. वर्गात नाही आला तर घरी जेवताना येतो. प्रश्न असा : माणसाने चांगलं वागायचं ते देव आहे म्हणून, की बुद्धीला पटतं म्हणून? देव नसेल, किंवा एखादा देव मानत नसेल, तर त्याने चांगलं का वागावं?

मी डोंबिवलीत आठवीच्या वर्गाला शिकवते. घटक चाचणीच्या आदल्या दिवशी परिपाठात माझं एक ठरलेलं वाक्य असायचं : "बाई बघत नसल्या तरी देव बघत असतो." माझ्या बाईंनी मला सांगितलेलं, मी पुढे सांगत आले. त्यात काही चुकीचं आहे असं कधी मनातही आलं नव्हतं. मग एका वर्षी, एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट. मूल्यशिक्षणाच्या तासाला एक मुलगा उभा राहिला. "बाई, समजा एकाने कॉपी केली. आधी तो फडके रोडच्या गणपतीला जाऊन आला होता, त्याला भीतीपण वाटत होती. पण काहीच झालं नाही. उलट चार मार्क जास्त पडले. म्हणजे देव बघत नव्हता, की बघत होता पण त्याला चालतं?" वर्ग हसला. 'समजा' म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला उत्तर सुचलं नाही. "बस खाली," एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट जास्त लागली. वर्गात एकीची कंपासपेटी हरवली. शोधाशोध चालू असताना दोघीतिघींनी एका मुलीकडे बोट दाखवलं. कारण काय, तर "हिच्या घरी देवघरच नाही, हिचे बाबा देव मानत नाहीत. मग ही कशाला घाबरेल?" कंपासपेटी नंतर जिची होती तिच्याच दप्तरात, खालच्या कप्प्यात सापडली. सगळे विसरले. ती मुलगी मात्र पुढचे कितीतरी दिवस कुणाच्या वस्तूला हात लावत नव्हती, शेजारणीची पट्टीसुद्धा मागत नव्हती.

घरी आल्यावर विचार केला. या मुलींना हे शिकवलं कुणी? मीच. देवाच्या भीतीने माणूस चांगला वागतो, असं मी रोज सांगत असेन, तर ज्याच्याकडे देव नाही तो वाईटच असणार, हा निष्कर्ष मुलांनी आपोआप काढला. त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं, माझं पहिलं वाक्यच कच्चं होतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून वाचायला घेतला. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते इथे मांडते.

आधी प्रश्न सुटा करून घेऊ

'नीती देवावर अवलंबून आहे की बुद्धीवर' या एका वाक्यात खरं तर तीन वेगळे प्रश्न अडकलेले आहेत.

१) चांगलं काय आणि वाईट काय, हे ठरतं कशावरून?
२) ते कळलं तरी, कुणी बघत नसताना आपण चांगलं का वागावं?
३) वागायचं ठरवलं तरी मन कच खातं. तेव्हा बळ कुठून आणायचं?

आपण वाद घालतो तेव्हा एक जण पहिल्या प्रश्नाबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल. मग भांडण मिटत नाही. हे तीन प्रश्न फळ्यावर वेगवेगळे लिहिले तरी निम्मा गोंधळ जातो. स्वानुभव आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा पेच

पहिल्या प्रश्नाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धारदार मांडणी ग्रीसमध्ये, प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सापडते. सॉक्रेटिसवर खटला भरला गेलाय. तो न्यायालयाजवळ उभा असताना त्याला युथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ स्वतःच्या वडिलांवर, एका मजुराच्या मृत्यूबद्दल, खटला भरायला आलेला असतो. देवाधर्माचं आपल्याला सगळं नीट कळतं, अशी त्याची खात्री. सॉक्रेटिस त्याला विचारतो त्याचा सारांश असा : एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली ठरते, की ती मुळातच चांगली असते म्हणून देवांना आवडते?

आता दोन्ही बाजू धरून बघा. 'देवाला आवडते म्हणून चांगली' असं म्हटलं, तर उद्या देवाला चोरी आवडली तर चोरीही चांगली ठरेल. हे कुठल्याही भाविकाला पटणार नाही. तो म्हणेल, "छे, माझा देव असं सांगणारच नाही." का सांगणार नाही? कारण चोरी वाईट आहे. म्हणजे तो नकळत दुसऱ्या बाजूला आला. वाईट काय हे आपल्याला आधी कळतं, आणि त्या कसोटीवर आपण देवाच्या नावाने सांगितलेल्या गोष्टी पारखून घेतो.

श्रद्धावान विचारवंतांनी यावर उत्तर दिलेलं आहे. ते म्हणतात, चांगुलपणा देवाच्या बाहेर नाही आणि त्याच्या लहरीवरही नाही. चांगुलपणा हाच देवाचा स्वभाव आहे. हे उत्तर हलकं नाही. पण आपल्यापुढची अडचण त्यानंतरही उरते : अमुक आज्ञा खरंच देवाच्या स्वभावातून आली की कुणी त्याच्या नावावर खपवली, हे ओळखायचं कसं? ओळखायला आपल्याजवळ आपलीच विवेकबुद्धी असते.

हे परकं वाटत असेल तर आपल्या एकनाथांची गोष्ट आठवा. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला वाहायला निघालेले नाथ. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसतं आणि ते कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. नियम सांगत होता पाणी देवाचं आहे. नाथांच्या बुद्धीने आणि करुणेने सांगितलं, ते या गाढवाचं आहे. ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या भक्तीची गोष्ट म्हणूनच सांगतो. म्हणजे आपल्या भक्तिपरंपरेलाही नियमापेक्षा करुणा मोठी वाटते.

पंढरपूरचंही तेच. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता, आणि ही बंदी देवाधर्माच्या नावानेच होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी त्याविरुद्ध उपोषण केलं. त्यांनी साद घातली तीही विठ्ठलाच्याच नावाने. दोन्ही बाजूंना देव एकच! मग कोण बरोबर, हे ठरलं कशावरून? माणसाला माणूस म्हणून दाराबाहेर ठेवणं अन्यायाचं आहे, या साध्या गोष्टीवरून.

फुले आणि आगरकर : दोन वाटा, एक मुक्काम

या प्रश्नावर महाराष्ट्राकडे स्वतःचा एक मोठा धडा आहे. एकोणिसाव्या शतकात एकाच पुण्यात दोन माणसं होऊन गेली. एकाने नीती ईश्वरावर उभी केली, दुसऱ्याने ईश्वर बाजूला ठेवून बुद्धीवर.

महात्मा जोतीराव फुले देव मानणारे होते. मूर्तीतला नव्हे, मध्यस्थ लागणारा नव्हे. सगळं विश्व निर्माण करणारा 'निर्मीक'. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. पक्षाघातानंतर उजवा हात चालेना, तेव्हा डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यातला युक्तिवाद सोपा आहे. निर्मीक एकच, त्याने सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखं निर्माण केलं, सूर्य आणि पाऊस सगळ्यांना सारखा दिला. म्हणून कुणीही जन्माने उच्च किंवा नीच नाही, आणि स्त्री पुरुषापेक्षा कमी नाही. त्यांनी एक सुंदर कल्पनाही मांडली आहे. एकाच घरात आई, वडील, मुलगी, मुलगा वेगवेगळे धर्म मानतात आणि तरी प्रेमाने एकत्र राहतात. आजच्या कुठल्याही पालकसभेत वाचून दाखवावी अशी ही कल्पना आहे.

गोपाळ गणेश आगरकर त्यांच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी लहान. जन्म १८५६, कऱ्हाडजवळचं टेंभू गाव. घरची गरिबी. शिकून मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती, पण आईला पत्र लिहून त्यांनी कळवलं की श्रीमंतीची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार. 'केसरी'चे पहिले संपादक तेच. पुढे मतभेद झाले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य होते, म्हणजे आपल्याच पेशातले. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही, असं मानणारे, म्हणजे अज्ञेयवादी. देवांच्या कल्पना माणसाच्या भीतीतून आणि अज्ञानातून कशा उपजल्या असतील, यावर त्यांनी सविस्तर लिहिलं. नीतीसाठी त्यांची कसोटी होती ती माणसाचं या जगातलं सुख आणि बुद्धीला पटणारं कारण. रूढी जुनी आहे, ग्रंथात लिहिलेली आहे, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

आता दोघांची उत्तरं शेजारी ठेवा. मुलींनी शिकावं का? दोघेही म्हणतात, शिकलंच पाहिजे. बालविवाह? दोघांचा विरोध. विधवांचं केशवपन? दोघांच्या मते क्रूर. जातीवरून उच्चनीच? दोघांनाही अमान्य. एकाचा पाया निर्मीक, दुसऱ्याचा बुद्धी, आणि उत्तरं बहुतेक सारखी. दोघांनी किंमतही सारखीच मोजली. फुल्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं. आगरकरांची तर विरोधकांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दम्याने बेजार झालेला हा माणूस १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

आगरकरांना ना स्वर्गाची आशा होती ना नरकाची भीती. तरी पैसा सोडला, लोकांचा राग पत्करला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले. 'देव मानत नाही, मग चांगलं कशाला वागेल?' या प्रश्नाला हे आयुष्यच उत्तर आहे. आणि 'धार्मिक माणूस विचार करत नाही' असं म्हणणाऱ्यांना फुल्यांचं आयुष्य हे उत्तर. माझ्या वर्गातल्या त्या मुलींना हे दोन्ही एकत्र सांगायला हवं होतं.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिसरी मांडणी केली. १९५६ साली नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केलं की इतर धर्मांत जी जागा देवाची असते, ती धम्मात नीतीची आहे. कल्याण, उल्हासनगर, ठाण्याच्या आपल्या शाळांमध्ये अशा घरांतली मुलं बाकाला बाक लावून बसतात. 'देव बघतोय' हे वाक्य त्यांच्या घरच्या शिकवणीत बसतच नाही. म्हणून का त्यांच्या घरी नीती नाही?

कल्याणची यमुना आणि न्यू जर्सीची मावशी

आपल्या भागातलंच एक उदाहरण देते. डॉ. आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेलं. त्यातून डॉक्टर व्हायचं मनात आलं. पती गोपाळराव यांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं त्याचा रोख असा, की ख्रिस्ती व्हाल तर मदतीचं बघू. हा पत्रव्यवहार तिथल्या एका मिशनरी मासिकात छापूनही आला.

ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडलं. त्या स्वतः ख्रिस्ती. पण त्यांनी धर्माची अट न घालता या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं, पुढे घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. इकडे जाण्याआधी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) भाषणात आनंदीबाईंनी सांगून टाकलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तिथे त्यांच्या नावाची शिळा आहे.

मिशनरी आणि कार्पेंटरबाई, दोघांचा देव एक, ग्रंथ एक. मग वागणं वेगळं का झालं? एकाने आधी विचारलं 'तू कुठल्या देवाची?', दुसरीने विचारलं 'तुला कशाची गरज आहे?'. नुसतं 'देव मानतो' म्हटल्याने नीती ठरत नाही, तो देव मानून आपण समोरच्या माणसाकडे कसं बघतो यावर ती ठरते.

बुद्धी तरी पुरते का?

इथपर्यंत वाचून काही जणांना वाटेल, बाईंचा कौल नुसत्या बुद्धीला. थांबा. बुद्धीची बाजूही तितकीच तपासायला हवी.

कॉपी करणारा माझा तो 'समजा' मुलगा अतिशय हुशार होता. त्याने बुद्धीच वापरली होती : पकडले जाण्याची शक्यता कमी, फायदा चार मार्कांचा, मग करू या. हिशोब चुकला नव्हता. मोठ्या घोटाळ्यांमागेही अडाणी माणसं नसतात, हिशोबात पक्की माणसं असतात. नुसती हुशारी म्हणजे विवेक नव्हे.

विवेक हुशारीच्या पुढचा एक प्रश्न विचारतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली तो मांडला. आपल्या भाषेत सांगायचं तर : 'मी करतोय ते सगळ्यांनी केलं तर चालेल का?' हा प्रश्न मुलांना लगेच कळतो, कारण आपण लोकलची माणसं. मी एकटा विनातिकीट गेलो तर रेल्वे बुडत नाही. पण सकाळी कल्याण-डोंबिवलीहून निघणाऱ्या प्रत्येकाने तेच ठरवलं तर? म्हणजे मला सवलत हवी आहे ती बाकीचे नियम पाळतात म्हणूनच. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर फुकट प्रवास करतोय. कॉपीचंही तसंच. सगळ्यांनी कॉपी केली तर मार्कांना अर्थच उरत नाही, माझ्या चोरलेल्या चार मार्कांनासुद्धा. गंमत म्हणजे, बुद्धीचा असा कैवार घेणारे कांटही देवाला पूर्ण निरोप देत नाहीत. काय बरोबर हे बुद्धी सांगते, पण चांगुलपणाचं शेवटी चीज होईल या आशेसाठी माणसाला ईश्वर मानावासा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यांनी बुद्धीला पहिल्या दोन प्रश्नांवर बसवलं, आणि ईश्वराला तिसऱ्याजवळ जागा ठेवली.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, जिला ना ग्रंथ लागतो ना युक्तिवाद. १७ एप्रिल २०२१. कल्याण-कर्जत मार्गावरचं वांगणी स्टेशन. दृष्टिहीन आईबरोबर चालणारं एक लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलं आणि समोरून एक्सप्रेस भरधाव येत होती. मयूर शेळके हे पॉइंट्समन रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर चढवलं आणि स्वतः जेमतेम वर आले. पुढे बक्षीस म्हणून मिळालेल्या पन्नास हजारांतले निम्मे पैसे त्यांनी त्या मुलासाठी दिले. त्या काही सेकंदांत कुणी नीतिशास्त्राचा विचार करत नाही. दुसऱ्याचं दुःख दिसलं की आत काहीतरी हलतं, ते आधी हलतं. त्याला करुणा म्हणा, माया म्हणा. ती नसेल तर बुद्धी नुसता हिशोब करते आणि धर्म नुसता नियम बनतो.

म्हणून तीन प्रश्नांना मला सापडलेली उत्तरं अशी. चांगलं काय, हे करुणा आणि बुद्धी मिळून ठरवतात. देवाच्या नावाने आलेली आज्ञासुद्धा शेवटी याच कसोटीवर पारखावी लागते. कुणी बघत नसताना का वागावं? कारण समोरचा माणूस माझ्यासारखाच आहे आणि मी नियमाला अपवाद नाही. आणि बळ? ते ज्याने त्याने आपल्या झऱ्यातून घ्यावं. कुणाला ते विठ्ठलाकडून मिळेल, कुणाला नमाजातून, कुणाला बुद्धवंदनेतून, कुणाला बाबांच्या शब्दातून. या झऱ्याची चेष्टा करायची नाही आणि सक्तीही करायची नाही.

मुलांना हे कळतं का?

कळतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात दाखवलं की लहान मुलं चूक मोजतात ती नुकसानावरून : नकळत पंधरा कप फोडणारा जास्त दोषी, आणि चोरून खाऊ काढताना एक कप फोडणारा कमी. थोडी मोठी झाली की ती हेतू बघायला लागतात. शिक्षेच्या भीतीने वागणं ही नीतीची पहिली पायरी आहे, असं पुढे कोलबर्ग यांनी मांडलं. पहिली पायरी वाईट नाही. पण आठवी-नववीतल्या मुलांना आपण तिथेच उभं करून ठेवलं, तर तो दोष आपला.

अमेरिकेतले संशोधक लॅरी नुची यांनी अत्यंत धार्मिक घरांतल्या मुलांना विचारलं : देवाने हा नियम केलाच नसता तर? देवाच्या वारी काम करणं तेव्हा चालेल, असं बरीच मुलं म्हणाली. पण चोरी करणं, मारणं? ते तेव्हाही वाईटच, कारण दुसऱ्याला त्रास होतो. म्हणजे भाविक घरातल्या मुलांनाही 'आचाराचा नियम' आणि 'नीतीचा नियम' यांतला फरक आतून कळतो.

मी हाच प्रयोग वर्गात केला. फळ्यावर चार गोष्टी लिहिल्या : चतुर्थीचा उपास मोडणं, मित्राचा डबा न विचारता खाणं, श्रावणात मांसाहार करणं, आंधळ्या माणसाला चुकीचे सुटे पैसे देणं. प्रश्न एकच : 'देवाने याबद्दल काहीच सांगितलं नसतं, तर हे चालेल का?' पहिल्या आणि तिसऱ्याला वर्गाचा होकार, दुसऱ्या आणि चौथ्याला ठाम नकार. "का?" विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, त्याला दिसत नाही ना!" संपूर्ण नीतिशास्त्र त्या एका वाक्यात होतं.

तुम्ही करून बघा

*शिक्षकांसाठी :* चूक झाली की तीन प्रश्न विचारा. यामुळे कुणाला त्रास झाला? सगळ्यांनी असं केलं तर? हेच तुझ्याबाबतीत झालं असतं तर? या प्रश्नांना आस्तिक, नास्तिक, कुठल्याही धर्माचं मूल उत्तर देऊ शकतं. एरवीही आपली राज्यघटना कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगते, आणि कलम २५ मध्ये प्रत्येकाच्या श्रद्धेचं स्वातंत्र्यही जपते. वर्गात दोन्ही सांभाळायचं आहे. कुणाच्या घरात देव आहे की नाही याची चौकशी वर्गात करू नये, आणि कुणाच्या देवाला हसूही नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिकाही अशीच होती : विरोध देव मानण्याला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला.

*पालकांसाठी :* "खोटं बोललास तर बाप्पा शिक्षा करेल" हे वाक्य सोपं आहे, पण त्याची मुदत लवकर संपते. ज्या दिवशी मूल खोटं बोलतं आणि काहीच होत नाही, त्या दिवशी दोन गोष्टी एकदम पडतात : बाप्पावरचा विश्वास आणि तुमच्यावरचा. त्याऐवजी "तू खोटं बोललास तर पुढच्या वेळी मी तुझ्या खऱ्यावर विश्वास कसा ठेवू?" असं विचारा. घरात देवपूजा असेल तर ती खुशाल मुलांबरोबर करा. फक्त देवाला घरचा पोलीस करू नका.

'श्यामची आई' मधला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो. पाय जपतोस तसं मनही जप, असं ती माउली त्याला सांगते, आणि शुद्ध बुद्धी दे असं देवाला सांगायला शिकवते. बघा हं, तिने देवाची भीती घातली नाही. देवाकडे मागायला लावली ती बुद्धीच. आपण ज्या दोन गोष्टींचं भांडण लावत बसतो, त्या तिच्या ओंजळीत एकत्र होत्या.

आता त्या दोन मुलांबद्दल. 'समजा' मुलाला मी लोकलच्या तिकिटाचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी बाकीच्यांच्या अभ्यासावर फुकट गेलो." चार मार्क परत घ्या असं काही तो म्हणाला नाही, आणि मीही म्हटलं नाही. पुढच्या चाचणीत त्याला कमी मार्क पडले. ते त्याचे स्वतःचे होते.

आणि त्या मुलीसाठी मी परिपाठातच बोलले, जिथे चूक केली होती तिथेच. नाव न घेता. म्हणाले, "मी तुम्हाला दरवर्षी एक वाक्य सांगत होते, ते अर्धवट होतं. देव मानणारी माणसं चांगली असतात, न मानणारीही चांगली असतात. आणि दोन्हीकडे चुकणारीही असतात. उद्याच्या पेपरला कुणी बघतंय म्हणून नाही, तुमच्या शेजारी बसलेल्याने मेहनत केली आहे म्हणून कॉपी करू नका." ओळीत ती कुठे उभी आहे, ते मी मुद्दाम बघितलं नाही.

त्या दिवशी तिसऱ्या तासाला भूमिती होती. वही तपासत मी तिच्या बाकाजवळ पोचले तेव्हा ती शेजारणीकडे हात पुढे करून म्हणत होती, "ए, पट्टी दे ना जरा."